चार वाजताचा फोन

रोज दुपारी चार वाजता मी माझ्या लेकीला फोन करायची. एवढंच केलं मी, आणि तेवढ्यानेच घात झाला.

जावई वर्षभर तिच्यावर हात उगारत होता. शेवटी ती अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी मी तिला भेडाघाटला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे पोचवून आले. मैत्रिणीचं घर त्यांच्या संगमरवरी मूर्तींच्या दुकानामागे आहे. जुनं सिम फेकलं, नवं मैत्रिणीच्या नावावर घेतलं. सगळं नीट केलं, फक्त आमचा रिवाज मोडला नाही. लेक सासरी गेली तेव्हापासून चार वाजता मी इथे आधण ठेवायची, तिने तिकडे ठेवायचं आणि दोघींनी फोनवर बोलत चहा प्यायचा. ती लपलेली असतानाही मी तेच करत राहिले, माझ्याच नंबरवरून. मूर्ख बाई मी.

तीन आठवड्यांनी जावई दुकानाच्या दारात उभा. मैत्रीण म्हणते, हसत होता. "मम्मीजी रोज चार बजे यहीं फोन लगाती हैं, हमें सब पता है." कारागीर छिन्न्या हातात घेऊन बाहेर आले म्हणून परत गेला.

त्याचा मामा पोलिसात आहे, तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. मी कोणाकोणाला फोन केले त्याची यादी कोणी काढली असेल ते कळलंच. यादीत नवा नंबर, आणि त्या नंबरावर मैत्रिणीचं नाव-पत्ता. ती कोणाच्या हुकमाने काढली ते विचारायला मी पोलीस ठाण्यात गेले. तिथला साहेब माझाच विद्यार्थी निघाला. पाया पडला, चहा मागवला आणि म्हणाला, "मैडम जी, ये सब गोपनीय होता है." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. फोन माझा, लेक माझी, आणि गोपनीय कोणापासून तर माझ्यापासून. त्या चहाला मी हात लावला नाही.

मग आमच्या ओळखीच्या वकिलाकडे गेले. तो म्हणाला, "बाई, काहून डोकं फोडून राहिल्या? बोलणं ऐकायचं असेल तर गृहखात्याच्या सचिवाची सही लागते. नुसती यादी पाहिजे असेल तर पोलीस अधिकाऱ्याची चिठ्ठी पुरते. दुसऱ्याच कोणत्या तरी चोरीच्या फायलीत तुमचा नंबर घुसडला असेल."

"आणि न्यायाधीश?"

"त्यांची गरज नाही."

"मला कोणी कळवणार?"

"कोणीच नाही."

सह्या अधिकाऱ्यांच्या, त्या तपासणारेही अधिकारीच. इंग्रजांचा तारेचा कायदा गेला, नवा आला म्हणून केवढा गाजावाजा झाला, आणि आत पाहावं तर कारभार तोच. शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं मी. मुलांना घोकून घेतलं की तुमचे हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. आता त्या धड्याची लाज वाटते.

माझं मागणं मोठं नाही. हुकूम न्यायाधीशाचा हवा, आणि काम झाल्यावर ज्याचा फोन त्याला लेखी कळवायला हवं. हे कायद्यात लिहा, असं पत्र खासदाराच्या कार्यालयात देऊन आले. तिथला माणूस म्हणाला, "आप कुछ गलत नहीं करतीं, तो डर काहे का?" म्हटलं, भैया, माझी लेक मार खात होती म्हणून लपली होती, यात गलत काय ते तुम्हीच सांगा. त्याने पत्रावर शिक्का मारला आणि दुसऱ्याला बोलावलं.

जावई दारात आला त्याच संध्याकाळी लेक भेडाघाटहून निघाली. निघताना मैत्रिणीच्या फोनवरून बोलली. "आई, कुठे चालले ते तुला सांगत नाही. तू फोन केल्याशिवाय राहणार नाहीस."

खरंच होतं तिचं. राहिले नसते मी.

चार वाजता अजून आधण ठेवते, एका कपाचं. लेक कुठे आहे, मला माहीत नाही. तिचा नंबर माझ्याकडे नाही. पण मैत्रिणीला ती कधी फोन करत असेल, तर मामासाहेबांना तो मिळवणं एका चिठ्ठीचं काम आहे.