अभाच्या डोंगरातून उलटी वाट

रियाधचं घर सोडलं त्या सकाळी, देवापुढे दिवा लावून निघावं की नको, यावर मी अडून बसले होते. चिपळूण सोडताना असं काही झालं नव्हतं. आईने हातावर दही ठेवलं, बाबा म्हणाले, "पोचल्यावर कळव," आणि ताई, तू रडलीस म्हणून मीही रडून घेतलं. रियाधहून निघताना मात्र परत यायला घर उरेल की नाही, तेच ठाऊक नव्हतं.

एक्क्याण्णवचं आखाती युद्ध सुरू होतं आणि शहरावर इराकची क्षेपणास्त्रं पडायला लागली होती. शाळा बंद, खिडक्यांना प्लास्टिक. सायरन झाला की आम्ही बेडरूममध्ये शिरायचो आणि सात वर्षांची मुक्ता दाराच्या फटीला टेप लावायची. विषारी वायू आत येऊ नये म्हणून तिला ते काम शिकवलं होतं. ह्यांच्या बँकेतला नॉर्वेचा सल्लागार आधीच मायदेशी गेला. जाताना त्याने आम्हाला तंबू दिला आणि दक्षिणेकडच्या अभा शहराजवळच्या डोंगरातलं जंगल सांगितलं. तिथे त्याला आपलं समुद्राकाठचं गाव आठवायचं म्हणे. अभात रत्नागिरीच्या खालिदभाईंचं दुकान होतं. सुटीचे दोन दिवस जंगलात काढायचे, मग मला आणि मुक्ताला खालिदभाईंच्या घरी सोडून हे बँकेच्या कामासाठी एकटे रियाधला परतणार, असं ह्यांनी ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

नाक्यावर पोलिसाने इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, पाहिले, मागच्या सीटवरच्या मुक्ताकडे पाहिलं आणि "यल्ला", चला, म्हणून सोडलं.

जंगल खरंच सुंदर होतं. सुरूसारखी गर्द झाडं, थंडी, कड्याखाली धुकं. माकडांनी माझ्या दशम्या पळवल्या तेव्हा मुक्ता इतकी हसली की मला भरून आलं. हे तिला घेऊन पायवाटेने भटकत होते आणि मी आपली रेडिओला कान लावून बसले होते. ह्यांच्या पाठीकडे बघितलं तरी जीव खालीवर होत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग गडगडले. मुक्ता धावत आली, तंबूत शिरली आणि पिशवी उपसायला लागली.

"मम्मा, टेप किधर है?" तिच्या शाळेतल्या हिंदीत ती ओरडली.

"अगं, पाऊस आहे तो," हे म्हणाले.

"पापा, आप भी अंदर आओ! जल्दी!"

हे आत येईपर्यंत ती पिशवी उपसतच होती. आले, आणि ती शांत झाली.

मी तेव्हाच म्हटलं, "आम्ही इथे राहणार नाही. तिघंही जाऊ."

"वेडी आहेस का? तिथे बाँब पडताहेत."

"पडू देत. तुम्ही तिथे आणि आम्ही इथे, हे मला जमायचं नाही."

खूप भांडलो. शेवटी तिघंही रियाधला आलो.

आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. "पोरीला आगीत नेलीस," म्हणाली. काही झालं असतं तर, हा विचार आजही मनातून जात नाही. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा त्याच गाडीत बसेन.

आता मुक्ता टोरांटोला असते. चिपळूणला आले की तू विचारतेस, "घरी आल्यासारखं वाटतं ना गं?" काय सांगू? माझं घर दोन माणसांएवढं आहे, ताई. ती दोघं, हे आणि मुक्ता, एका छपराखाली नसली की मी चिपळूणलाही परदेशातच असते.