डिस्चार्ज

लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, त्यातले आठ महिने हे बोटीवरच. परदेशी जाणाऱ्या मालबोटीवर खलाशी म्हणून त्यांची ती पहिलीच नोकरी. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावातल्या घरात सासू, सासरे आणि मी. एका दुपारी पायरीवर बसून मी सुके बोंबील निवडत होते, तेवढ्यात पोस्टमन तार घेऊन आला. सासूबाई आतूनच ओरडल्या, "वाच गो आधी! काय लिवलंय?"

घरात इंग्रजी येणारी मीच, तीही मॅट्रिकपुरती. तारेत तीन शब्द आणि खाली यांचं नाव. 'डिस्चार्ज्ड. कमिंग होम.' घरी येतायत, म्हणजे माणूस सुखरूप आहे, एवढं कळलं. पण करार संपायला अजून चार महिने होते.

"डिस्चार्ज म्हणजे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"इस्पितळातून सोडतात ना, ते."

सासूबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या. "इस्पितळात होता? आणि आपल्याला कोणी कळवलं नाही?"

शेजारचे भाऊ कचेरीत कारकून होते. ते तार वाचून हळूच म्हणाले, "नोकरीतनं काढला तरी डिस्चार्जच लिहितात हो."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. जन्म शिडाच्या मचव्यावर गेलेला माणूस. बोटीवरून उतरवून देणं म्हणजे काय, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. "त्याचा राग वाईट," एवढंच बोलले. यांच्या शेवटच्या पत्रात होतं की खलाशांचा मुकादम, बोसन, सारखा अंगावर ओरडतो. मी उत्तरात लिहिलं होतं, 'अपमान सोसून घेऊ नका.' ते पत्र मी घरात कोणाला दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कापड आणायचं निमित्त करून मी रत्नागिरीत माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. ते निवृत्त झाले होते. चष्मा लावून त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली.

"मुळात हा गाडीचा शब्द," ते म्हणाले. "जुन्या लॅटिनमध्ये गाडीला जो शब्द, त्यावरून चार्ज, म्हणजे ओझं लादणं. डिस्चार्ज म्हणजे ते उतरवणं. मग बोटीतला माल उतरला तरी डिस्चार्ज, बंदूक उडाली तरी, आरोपी सुटला तरी, जखमेतून पू आला तरीसुद्धा."

"पण यांचं कुठलं, सर?"

"ते तार कशी सांगेल, पोरी? पण खलाशी नीट काम करून बोट सोडतो, त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. त्याच्या नोकरीच्या पुस्तकात तशी नोंद होते. वाईटच कशाला धरतेस?"

परत येताना बसमध्ये मी तेवढंच धरून बसले होते.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात रिक्षा थांबली. हे उतरले. शर्ट अंगावर लोंबत होता. सासऱ्यांनी पाणीसुद्धा पुढे केलं नाही. "काढला का तुला?"

"नाही, बाबा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. बोट पुढे गेली. इस्पितळाने सोडलं, मग कंपनीने तिथूनच घरी पाठवलं."

"मग डिस्चार्ज कुठला?"

"दोन्ही! इस्पितळातूनही आणि बोटीवरूनही."

सासूबाईंनी आधी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग चांगलं फैलावर घेतलं. "दोन शब्द जास्त टाकले असतेस तर आमच्या घशाखाली घास तरी उतरला असता!"

खोलीत मी त्यांचं ते नोकरीचं पुस्तक उघडलं. वागणुकीच्या रकान्यात 'व्हेरी गुड' होतं. मी दोनदा वाचलं. मग धीर करून विचारलं, "माझं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं. पण तोवर पोट धरून पडलो होतो. त्या बोसननेच मला पाठीवर घेऊन खाली उतरवलं. रात्रभर उशाशी बसला होता बिचारा."

मी पुस्तक मिटून ठेवलं आणि पेज करायला चुलीकडे गेले.

दुपारी पेज पिऊन हे ओटीवर गाढ झोपले. सासरे उठले, भाऊंच्या दारात जाऊन म्हणाले, "रेडिओ जरा बारीक कर. मुलगा झोपलाय."