वतन कयुं, असं खिडकीत विचारतात

मी सुरतेला निघालो तेव्हा आई गावच्या फाट्यापर्यंत आली होती. कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून देत म्हणाली, "काही बी व्हयनं तं घर निंघी ये, भाऊ." एसटी हलली तरी ती तेच सांगत होती. त्याला वीस वर्षं झाली. आता सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नोकरी, जवळच बमरोलीत एक खोली, आणि त्या खोलीत वाढलेली माझी मयुरी.

गेल्या वर्षी, अकरावीत असताना, मयुरीने स्वतःला इजा करून घेतली. वाचली. सरकारी दवाखान्यात एवढ्या गर्दीला समुपदेशक बाई एकच, तरी त्यांनी तिला बोलतं केलं. दर मंगळवारी आणा म्हणाल्या. दोनच मंगळवार नेलं. मग आपण इथले सगळे खान्देशी जे करतो तेच मी केलं. कावीळ होवो की पोर गप्प होवो, आपण पॅसेंजर पकडतो आणि माणूस गावी नेऊन सोडतो. गावची हवा लागली की ती हसेल, असं खरंच वाटलं मला.

गावाकडच्यांनो, तुम्ही मायेनेच आलात, पण प्रत्येकाने तिला विचारलंत, "तुले काय कमी व्हतं?" ती आणखीच मिटली. सुरतेच्या दवाखान्याने दिलेल्या गोळ्या संपल्या. तालुक्याच्या दवाखान्यात म्हणाले, कागद गुजरातीत आहे, वाचता येत नाही; मनाच्या डॉक्टरची जागा रिकामी आहे; सुरतेलाच जा.

सुरतेला आलो तर बाईंची बदली झालेली, जुना केसपेपर बंद. पहिल्यापासून सांगा म्हणाले. मयुरी हळूच म्हणाली, "पप्पा, फरीथी बधुं कहेवानुं?" पुन्हा सगळं सांगायचं? परक्या माणसाला, उघड्या दारात, मागे रांग असताना? माझं डोकंच फिरलं. चूक माझी, मान्य. पण पोरगी तीन मंगळवार आली नाही, तर कुणी एक फोन केला का? इथल्या साड्या देशभर बिनचूक पोचतात, आणि एका मुलीचा कागद शेजारच्या राज्यात पोचत नाही! हेल्पलाइनचा नंबर मात्र दिला. एका खोलीत आम्ही चौघं. ती फोनवर बोलते तेव्हा बाकीचे तिघं जिन्यात बसतो.

नव्या केसपेपरसाठी खिडकीतल्या माणसाने विचारलं, "वतन कयुं?" मूळ गाव कुठलं? आजवर मी गावाचं नाव सांगत आलो. ते ऐकलं की म्हणायचे, "तो त्यां बतावो ने." म्हणजे तिकडेच दाखवा.

"बमरोली," मी म्हणालो. पुढचं मोडक्या गुजरातीत ओरडूनच सांगितलं, की ती इथेच जन्मली, इथेच दुखावली, तर इथेच बरी करा. मंगळवार लिहून मिळेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

आई, तुझा फोन येतो, पोरीला गावी आण म्हणतेस. काही झालं तर घरी ये, हे तुझंच सांगणं. मयुरीचं घर इथे आहे. इथून तिला आता कुणी परत पाठवणार नाही, मीसुद्धा नाही.