द्वादशीची केळी

अर्धापुरात केळीच्या बागा पुष्कळांच्या आहेत, पण केळीचा अभिमान मात्र सगळाच्या सगळा आमच्या रामकिशनरावांकडे आहे. परगावात कुणी केळ सोलताना दिसला की ते थांबून विचारतात, "अर्धापूरचं का?" आणि तो नाही म्हणाला तर अशा नजरेने पाहतात, की त्या बिचाऱ्याला उरलेलं अर्धं केळ कुठे लपवावं ते कळत नाही.

ते माझे शेजारी. अंगाने किरकोळ, मिशीने भरघोस. राग आला की ओरडत नाहीत, भांडत नाहीत. राग बरणीत घालून, वर फडकं बांधून ठेवतात आणि मुरू देतात. त्यांच्या पत्नी धोंडाबाई म्हणतात, "ह्यांच्यासंगं भांडायचं तर माणसानं वर्षाची सवड काढून यावं." ही गोष्ट अशाच एका वर्षाची आहे.

रामकिशनरावांची लेक सुकन्या लातूर जिल्ह्यात, चाकूरजवळच्या एका लहान गावात दिलेली. तिथे दरवर्षी सप्ताह बसतो आणि त्यातल्या एकादशीला सारं गाव उपास धरतं. गेल्या वर्षी इवायांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, सहज म्हटलं, "फराळाचं तुमच्याकडून होऊ द्या यंदा." रामकिशनरावांची मिशी जागच्या जागी फुलली. "सगळ्या गावाला केळी! पोटभर!" सुकन्याचा ऊर भरून आला. तिने सासूबाईंना, म्हणजे सुमनबाईंना, आणि सप्ताहाच्या साऱ्या बायांना बजावून सांगितलं, की साबुदाणा भिजवूच नका, माझ्या माहेरची केळी येणार आहेत. बायांनी विश्वास ठेवला. साबुदाणा पोत्यातच राहिला.

केळी न्यायला नांदेडच्या दयानंदशेठकडून गाडी ठरली. शेठच्या कंपनीत मालाच्या गाड्या भाड्याने मिळतात. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि जिभेवर गुलकंद. "काय भरायचंय?" शेठनी विचारलं. "केळी." "बस?" "बस." झाला करार. टायर कसे आहेत, स्टेपनीत हवा आहे का, विमा चालू आहे का, हे रामकिशनरावांनी विचारलं नाही, कारण आपल्याकडे असं विचारणं म्हणजे समोरच्या माणसाला तोंडावर चोर म्हणणं. बोनेटवर नारळ फुटला ना? मग गाडी उत्तम. आणि किती वजन, आणखी कोण चढणार, हे शेठनीही विचारलं नाही. त्यांच्याही मते ते गिऱ्हाइकाचा अपमान करणं होतं. दोघे एकमेकांचा मान ठेवून मोकळे झाले.

एकादशीला पहाटे केळीची कॅरेटं भरली. कॅरेटांच्या वर जरा जागा उरली. गाडी केलीच हाय तर जागा रिकामी काऊन न्यायची, असं म्हणून रामकिशनरावांनी तिथे अख्खं भजनी मंडळ चढवलं. सगळ्यात वर मृदंगवाले अंगदराव. अंगदराव आणि त्यांचा मृदंग शेजारी ठेवले तर जास्त गोल कोण, यावर गावात दोन पक्ष आहेत.

माळेगावच्या माळावर मागचं टायर फुटलं. चालकाने स्टेपनी काढली, तर ती पिकून गळालेल्या केळासारखी मऊ. चालकाने कंपनीला फोन लावला. "घाबरू नका," शेठ म्हणाले, "किनवटला दुसरी गाडी हाय. निघाली." दुपारी पुन्हा फोन. "निघाली." दिवस कलला. "निघाली म्हणून राहिलो न, मालक!" भजनी मंडळाने लिंबाखाली होते नव्हते ते सगळे अभंग म्हटले, मग एसटीला हात करून जो तो घरी गेला. केळी काळी पडत गेली. रामकिशनरावांचा चेहराही त्याच रंगावर आला.

गाडी गावात पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, द्वादशीला. एकादशी नुसत्या पाण्यावर काढलेलं गाव पुरणपोळीवर आडवा हात मारत बसलं होतं. केळी गुरांनी खाल्ली.

त्या दिवसापासून रामकिशनराव "द्वादशीचे पाव्हणे" झाले. ते एक वेळ चाललं असतं, ते काही रोज तिथे राहत नाहीत. पण सुकन्याची "द्वादशीबाई" झाली. गिरणीत गेली की गिरणीवाली विचारायची, "द्वादशीबाई, तुमचं दळण आज न्यायचं का उद्या?" लग्नात कुणी अक्षता देताना म्हणायचं, "आजच टाक गं माय, न्हाईतर लेकरं झाल्यावर टाकशील."

सुकन्या फोनवर रडली नाही. ती बापाचीच लेक. एवढंच म्हणाली, "बाबा, मला दुसरं काय नको. हे नाव ज्याचं हाय त्याच्या गळ्यात नेऊन बांधा. तवर मी माहेरी पाऊल टाकणार न्हाई."

रामकिशनराव तडक नांदेडला गेले. शेठनी गुलकंद बाजूला ठेवला. "मालाच्या गाडीवर माणसं बसवली कोणी? कायद्यानं चालतंय का ते? टायर तुमच्या मृदंगानं फोडलं. जिम्मेदारी तुमची."

"आन् स्टेपनी? तिच्यावर बी मृदंग बसला होता का?"

यावर शेठनी चहा मागवला. रामकिशनरावांनी कप सरकवला. "तुमचा चहा मी द्वादशीला पिईन."

आणि सूड सुरू झाला. शेठच्या ऑफिसच्या दारात गिऱ्हाइकांसाठी एक बाक आहे. रामकिशनराव नांदेडला आले की त्या बाकावर बसू लागले. मग बाकावर बसण्यासाठीच नांदेडला येऊ लागले. हातात काठी. कुणी गिऱ्हाईक आलं की उठून नमस्कार करायचा, त्याला गाडीभोवती फिरवायचं, स्टेपनीवर काठी वाजवायची आणि कान लावायला सांगायचं. "हवा बोलून राहिली का? न्हाई? मग उतरा खाली." विमा दाखवा, फिटनेस दाखवा, चालकाचं लायसन दाखवा. शेठची उलटतपासणी संपली की गिऱ्हाइकाकडे वळायचे, "आन् तुमी काय भरणार? खरं सांगा. सासू न्हाई न बसवणार वर?" शेठनी विनवलं, रागावून पाहिलं, एकदा बाकच आत नेला. दुसऱ्या दिवशी रामकिशनराव घरून खुर्ची घेऊन आले. माझी खुर्ची.

या छळाचा एक विचित्र परिणाम झाला. शेठच्या सगळ्या गाड्यांच्या स्टेपन्या टणक झाल्या. पण शेठ मऊ पडले. एकादशी जवळ आली तसे हात जोडून म्हणाले, "रामकिशनराव, काय केलं म्हणजे तुमी उठाल?"

"यंदाची केळी तुमच्याच गाडीतून. गाडी तुमी सोता चालवायची. आन् त्या गावात माईकवर सांगायचं, गेल्या वर्षीची द्वादशी कोणाची ते."

शेठनी डोळे मिटले आणि मान हलवली.

धोंडाबाई म्हणाल्या, "अवं, त्याच माणसाची गाडी? परत फुटलं म्हंजे?"

"फुटत न्हाई. वर्षभर काठी मी वाजवलीय."

एकादशीला पहाटे कॅरेटं भरली. वर जरा जागा उरली. अंगदरावांनी मृदंग गळ्यात घालून फाळक्यावर पाय ठेवला. "मी एकटाच बसतो. एकट्यानं काय फरक पडतोय?"

"उतरा!" रामकिशनराव एवढ्या जोरात ओरडले, की शेजारची कुत्री उठून बसली. "मालाच्या गाडीत माल, माणसांच्या गाडीत माणसं." मंडळासाठी जीप केलेली होती. सूड माणसाला किती कायदेशीर करतो, हे मी त्या पहाटे पाहिलं. मीही जीपमध्येच होतो, अंगदराव आणि मृदंग यांच्या मधोमध, त्यामुळे फारसं काही दिसत नव्हतं.

ऊन तापायच्या आत गाडी देवळापुढे उभी राहिली. सुमनबाई पातेल्याजवळून धावत आल्या. त्यांनी यंदा खबरदारी म्हणून साबुदाणा भिजवला होता, तो झाकून आल्या आणि म्हणाल्या, "आली गं बाई! आजच आली!" सुकन्या देवळाच्या पायरीवर उभी होती. तिने आधी केळ्यांकडे पाहिलं, मग शेठकडे. पांढऱ्या पँटवरून तिने माणूस ओळखला असावा. तिने माईक पुढे केला.

रामकिशनराव एकेक शब्द चघळत बोलले. "हे नांदेडचे दयानंदशेठ. गेल्या वर्षीची द्वादशी ह्यांची. आजपासून ते नाव ह्यांनी न्यावं."

गाव खदखदून हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "या, द्वादशीशेठ!" शेठनी माईक घेतला. चेहरा उपासाने उतरलेला होता, कारण घरची वाडवडिलांपासूनची एकादशी तेही पाळतात. "माझीच द्वादशी," ते म्हणाले. "स्टेपनीत हवा नव्हती, ती चूक माझी. पण टायर फुटलं काऊन, ते बी विचारा ह्यांना. केळ्यांच्या वर अख्खं भजनी मंडळ, आन् सगळ्यात वर मृदंगवाला, कोणी बसवलं होतं?"

हसू थांबलं. सुकन्या बापाकडे वळली. मंडळाची गोष्ट रामकिशनरावांनी वर्षभरात सगळ्या नांदेडला सांगितली होती, पण लेकीला नाही.

"बाबा?"

"अगं, जागा रिकामी होती..."

सुकन्याने पदर खोचला आणि केळी वाढायला घेतली.

पंगत बसली. रामकिशनराव आणि शेठ शेजारी शेजारी, दोघेही पहाटेपासून उपाशी. सुकन्या वाढत आली. डावीकडच्याला केळ्यांची फणी वाढली, या दोघांना ओलांडलं, उजवीकडच्याला वाढली. पुढे गेली. रामकिशनरावांना वाटलं, नजरचूक झाली. दुसऱ्या फेरीलाही तेच. शेवटी त्यांनी हाक मारली, "सुकन्या, आमी दोघं राहिलो गं."

"ठावं हाय, बाबा," ती तिथूनच म्हणाली, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी. "तुमची केळी निघाली हायत."

"कुठून?"

"किनवटहून. उद्या येतील."

पंगतीत असं हसू उसळलं, की देवळावरची पाखरं उडाली. सुमनबाई तोंडाला पदर लावून खांबाला टेकल्या. दोघांपुढे सुकन्याने पाण्याचे तांबे ठेवले, गावाने गेल्या वर्षी जेवढं घेतलं होतं तेवढंच. शेठनी तांब्यात पाहिलं. "रामकिशनराव, लेक तुमचीच," ते हळूच म्हणाले.

"हाव," रामकिशनराव म्हणाले. भुकेने त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण मिशी फुललेली होती.

एवढ्यात सुकन्या थबकली, मागे वळली आणि पंगतीवरून नजर फिरवत म्हणाली, "आन् सगळ्यात वर मृदंग घेऊन बसलं होतं ते कोण?"

समोर बसलेल्या अंगदरावांनी हातातलं केळ सालासकट तोंडात घातलं.