खाली त्याची सही होती
माझ्या पाटीवरची गणितं बघून लिहिणारा माझा वर्गमित्र शिक्षणमंत्री झाला आणि मी केजजवळच्या खेड्यात मुख्याध्यापक. मला ते कधीच पचलं नाही. दुष्काळात ऊस वाळला, सहकारी कारखाने लवकर बंद पडले. तेव्हा त्याने आदेश काढला: अर्ध्या हंगामातून परतलेल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना दाखल्याशिवाय वर्गात घ्या.

एक आई मुलीला घेऊन आली. “गुरुजी, मंत्र्यानं सांगितलंय म्हनं, दाखला लागत न्हाई.”

“मग मंत्र्याच्याच घरी शिकव तिला.”

मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. मंत्र्यांचं सगळं कागदावरच राहतं, असं गाव म्हणायचं आणि मी हसून मान डोलवायचो. आदेश चांगला होता. खाली त्याची सही होती, म्हणून तो मी अडवला.