भरबाजारात दम्याचा पंप
कापसाची धूळ नाकात गेली की गेवराईचा तो बाजार आठवतो. बहिणीला धाप लागली होती आणि दम्याचा पंप कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नव्हता. तरी ती माझ्या कानात पुटपुटत होती, ‘हळू माग, माझी सोयरीक जुळतीय.’ माझं डोकंच फिरलं. श्वास घेणं ही काय चोरी आहे? मी भर रस्त्यात ओरडलो, ‘दम्याचा पंप कुठं मिळंल?’ केळीवाली चाची म्हणाली, ‘स्टँडामागच्या मेडिकलात आलाय, मी बी तिथूनच घेतला. पोरीला हितं बसव अन् पळ!’ मी पळत जाऊन पंप आणला. बहिणीनं सगळ्या बाजारासमोर तो ओढला, जरा दम खाल्ला आणि हसून म्हणाली, ‘आता पाहुण्यांना बी वरडून सांग!’ दम्याची लाज बाळगू नका, असं सांगणारी पत्रकं मी आता लिहितो; पण एकाही पत्रकात मला अजून असं वाक्य जमलेलं नाही.