मोराचा काळा डोळा

आमच्या विट्याच्या गलाईवाल्याला मळ दिसला की त्याचे हात शिवशिवतात. माझे सासरे हिंदुराव उभं आयुष्य कोइमतूरला गलाईच्या दुकानात होते. सोनं-चांदी वितळवायची, तेजाबात धुवायची, झळझळीत करून परत द्यायची. दुकान थोरल्या दिरांच्या हवाली करून ते गावी आले, पण सवय काही तिकडे राहिली नाही. माझ्या पैंजणांचं तर त्यांनी इतकं भलं केलं, की त्यावरची नक्षी आता फक्त माझ्या आठवणीत आहे.

येताना त्यांनी जुन्या नाण्यांचा एक डबा आणला होता. सांगलीला नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा भरतो हे कळल्यावर त्यांनी सगळी नाणी तेजाबाच्या पाण्यात घालून, घासून लख्ख केली आणि ऐटीत घेऊन गेले. तिथं नागसेन म्हणून एक मुरलेले संग्राहक आहेत. त्यांनी एक नाणं उचललं आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला. "मामा, ही कुणी घासली?" जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळी झाक हीच तिची शोभा, ती गेली की नाण्याची किंमत गेली, हे मामंजींना त्या दिवशी कळलं. मग काय, गाडी दुसऱ्या टोकाला! घरात कशालाच हात लावू देईनात. देवघरातली समई हिरवी पडली तरी, "ऱ्हाऊ द्या तशीच."

त्या धुलाईतून एकच नाणं वाचलं होतं, कारण ते डब्यात नव्हतंच. चांदीचा राणीछाप रुपया. मिसरूड फुटायच्या आधी मामंजी कोइमतूरला निघाले, तेव्हा त्यांच्या आईनं, मनुबाईंनी, आपल्या कनवटीचा सोडून त्यांच्या मुठीत दाबलेला. काळाकुट्ट. तो ते देवघरात ठेवत आणि रोज एकदा बघत. आम्हाला त्याला शिवायचीही बंदी होती.

आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकीच्या, अंकिताच्या लग्नात, तोच रुपया रुखवतात निघाला.

रुखवत मांडण्यात माझ्या सासूबाईंचा, भामाबाईंचा, हात धरणारं कुणी नाही. त्यांनी थर्माकोलचा मोर कापला, पिसाऱ्यावर मामंजींची चकचकीत नाणी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं लावली आणि कार्यालयाला निघता निघता डोळ्याच्या जागी मनुबाईंचा रुपया. कार्यालयात तो बघून मामंजींच्या तोंडचं पाणीच पळालं. सोयऱ्यांसमोर बोलायची चोरी. अक्षतांपासून जेवणापर्यंत ते मोरापाशी पहारा देत उभे. माधवनगरचे व्याही कौतुकानं म्हणाले, "मामांचा मोरावर लय जीव दिसतोय." रुखवत टेम्पोत चढवायच्या गडबडीत मामंजींनी डाव साधला. माझी लेक सासरी गेली ती आंधळा मोर घेऊन.

घरी येऊन बघतो तर रुपयाच्या पाठीला टेपचा चिकट थर आणि त्यात थर्माकोलचे दाणे. मामंजी रडकुंडीला आले. एरवी मी त्यांच्या खोड्यांना हसते, पण त्या दिवशी मला त्यांची खरंच कणव आली.

"चिंच लावा की," सासूबाई म्हणाल्या.

"चिंच लावशील तर बघ!" मामंजी कडाडले, आणि कडाडता कडाडता त्यांचाच हात फडताळातल्या तेजाबाच्या बाटलीकडे गेला. मी बाटली हिसकावून घेतली आणि नागसेनांना फोन लावला.

"नखानं खरवडू नका आणि घासू तर मुळीच नका," ते म्हणाले. "शुद्ध अ‍ॅसिटोन आणा. नेलपेंट काढायचं चालणार नाही, त्यात तेल नि सुवास घातलेला असतो. काचेच्या वाटीत रुपया बुडवून ठेवा. खिडक्या उघड्या, गॅस बंद. चिकटा आपोआप सुटेल. मग ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये एकदा बुडवा, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात बुचकळा आणि मऊ फडक्यानं नुसतं टिपा. धरायचं ते कडेनं."

"आणि वरचं काळं?"

"त्याला काही होत नाही. मामांचे हात तेवढे सांभाळा."

वाटीत थर्माकोलचे दाणे बघता बघता विरघळले. चिकटा फुगला, कडेनं उचलला, पण सुटेना. "अंगठ्यानं जरा लोटू का?" मामंजींनी विचारलं. सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात गच्च धरून ठेवले. सप्तपदीनंतर इतका वेळ कधी धरले नसतील. शेवटी तो थर सायीसारखा सुटून तरंगला. पुढचं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. रुपया टिपून ठेवला, काळाकुट्ट, जसाच्या तसा. मामंजींनी डोळे पुसले.

तेवढ्यात अंकिताचा फोन. "आज्जा, मोराचा डोळा कुठं पडला? हितं समदी हुडकाय लागल्यात."

मामंजींनी फोन माझ्याकडे दिला आणि बायकोवर डोळे वटारले. "डबाभर नाणी हुती. तुला ह्योच गावला व्हय गं?"

"आवं, हुडकून ह्योच घेतला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या आईनं त्यो घर सोडून जानाऱ्या लेकराच्या हातात दिला हुता. औंदा घर सोडून कोन गेलं? तुमी आपनहून दिला असता का पोरीला?"

मामंजींनी रुपया कडेनं उचलून पाहिला. मग म्हणाले, "तसं सांगायचं हुतंस."

"सांगितलं असतं तर उशाखाली घिऊन निजला असता."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं माधवनगरला गेलो. मोराला मामंजींनी एक चकचकीत डोळा स्वतः लावला. काळा रुपया अंकिताच्या तळहातावर ठेवून तिची मूठ आपल्या हातानं मिटली. "घासायचा न्हाई, धुवायचा न्हाई," ते म्हणाले, आणि सासूबाईंकडे बघत, "आनि टेप लावायची न्हाई." अंकिता त्यांच्या गळ्यात पडली. सासूबाई मात्र व्याह्यांच्या शोकेसमधल्या नाण्यांकडे पुढच्या रुखवताच्या हिशेबानं बघत होत्या, हे मी पाहिलं.

परतताना एसटीत मामंजी खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर सदऱ्याच्या बाह्या सारून ते देवघरात गेले. रुपयाच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी जरा वेळ बघितलं, मग हिरवी पडलेली समई उचलून अंगणात आणली.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "चिंच आना."